प्रमिला दंडवते आणि हुंडाबंदी कायद्याची दुरुस्ती

प्रमिलाताई दंडवते म्हटलं की महागाईविरोधातले लाटणे मोर्चे आणि आणीबाणीतला येरवड्याचा तुरुंगवास आठवतो. महिला आरक्षणाच्या श्रेयातही त्यांचं नाव घेतात. मात्र १९९६ मध्ये आलेलं विधेयक सरकारी होतं आणि तेव्हा त्या खासदार नव्हत्या. लोकसभेत त्यांना एकच कारकीर्द मिळाली, १९८० ते ८४, मुंबई उत्तर मध्यमधून जनता पक्षाच्या तिकिटावर. या कारकिर्दीचा खरा ठसा हुंडाबंदी कायद्यावर आहे.

मूळ कायदा १९६१ चा. दोन्ही सभागृहांचं जमेना म्हणून संयुक्त बैठक बोलवावी लागली, आणि एवढं करून हाती आलं ते लुळंच. हुंडा म्हणजे लग्नाचा 'मोबदला' म्हणून दिलेली मालमत्ता, अशी व्याख्या होती. भेट म्हणून दिलं असं सांगितलं की सुटका. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना आपणहून कारवाई करता येत नसे; तक्रारीला मुदत एक वर्ष, शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने किंवा पाच हजार दंड. त्यात देणाराही गुन्हेगार! संसार मार्गी लागेल या आशेवर बाप वर्षभर गप्प बसे; नंतर बोलायची वेळ आली की मुदत टळलेली आणि स्वतःवरच बालंट.

प्रमिलाताईंनी १९८० मध्ये दुरुस्तीचं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडलं. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. सरकारला हलवणं हाच त्याचा उपयोग. इथे तो झाला. रस्त्यावर हुंडाबळींविरुद्धची आंदोलनं पेटली होतीच. संयुक्त समिती बसली, तिचा अहवाल आला, आणि १९८४ मध्ये सरकारनेच दुरुस्ती आणली. ती २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू झाली.

'मोबदला' जाऊन 'लग्नाच्या संबंधात' आलं. वर्षाची मुदत गेली. मान्यताप्राप्त समाजकल्याण संस्थांनाही तक्रार करता येऊ लागली. महिला दक्षता समितीसारख्या संघटनांच्या दृष्टीने सर्वांत कामाचं कलम हेच. शिवाय भेटींची लेखी यादी सक्तीची झाली: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि वधूवरांच्या सह्या. मांडवात ही यादी सहसा कोणी करत नाही, आणि मग स्त्रीधन परत मागताना पुरावा नसतो.

१९८६ च्या दुरुस्तीने पीडितेच्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरायला मनाई केली. हुंडा देणं मात्र आजही गुन्हाच आहे.