साखर न घालता हॉट चॉकलेटचे मिश्रण: पावसाळ्यात बरणीची ढेप होऊ नये म्हणून

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या बरण्या परत यायला लागतात. आत कोको आणि एरिथ्रिटॉलची (साखरेऐवजी घालायच्या दाणेदार गोड पदार्थाची) एकच घट्ट ढेप, चमचा शिरत नाही, आणि म्हणणे एकच असते: "पूड जुनी दिलीत." मालाची तारीख पाकिटावर असते आणि त्याच खेपेतली पूड दुसऱ्या घरी भुरभुरीत असते. फरक पडतो तो बरणी कुठे उघडली यामुळे.

नेहमीची पद्धत अशी. दूध गॅसवर चढवले, वाफ येऊ लागली, मग बरणी आणली. पातेल्यावरच झाकण काढले, दूध ढवळत होतो तोच चमचा पुसून आत घातला, दोन चमचे पूड थेट दुधात टाकली आणि बरणी तशीच उघडी ओट्यावर ठेवून ढवळत राहिलो. या दोन-तीन मिनिटांत पुढच्या महिन्याची पूड बिघडते.

पातेल्याची वाफ वर जाते आणि बरणीच्या गार काचेवर, तशीच पुडीवर, पाणी होऊन बसते. डोळ्यांना दिसत नाही इतके कमी, पण तेवढे पुरते. एरिथ्रिटॉल तसे गुळासारखे किंवा मधासारखे हवेतली ओल ओढणारे नाही; नुसत्या दमट हवेत ते बऱ्यापैकी तग धरते. पण पाण्याचा थेंब लागला की दाण्याचा वरचा थर विरघळतो आणि सुकताना पुन्हा स्फटिक बनतो. या वेळी तो शेजारच्या दाण्याला चिकटून बनतो. रोज एकदा असे झाले की आठवड्यात ढेप तयार. कोकोचे उलटे आहे: तो ओल शोषून धरून ठेवतो. चांगल्या कोको पुडीत ओल चार-पाच टक्क्यांच्या आसपास असते. ती वाढत गेली आणि झाकण घट्ट बंद राहिले की कुबट वास येतो, पुढे बुरशी धरते. तेव्हा घट्ट झाकणाची बरणी घेऊन काम भागत नाही. आत गेलेली ओल ती आतच कोंडून ठेवते.

म्हणून क्रम बदला. पूड आधी काढायची, गॅस नंतर पेटवायचा. बरणी फडताळापाशीच उघडा, खडखडीत कोरड्या चमच्याने कपात पूड घ्या, झाकण लावा, बरणी जागेवर ठेवा आणि मग दुधाला हात लावा. बरणीसाठी एक वेगळा चमचा ठेवा, तो दुसऱ्या कशालाच वापरू नका. चमचा बरणीच्या आत मात्र ठेवू नका. हाताची ओल दांड्याबरोबर आत जाते.

दुसरी सवय दोन बरण्यांची. केलेले सगळे मिश्रण मोठ्या बरणीत, त्यातले आठ दिवसांपुरते लहान बरणीत. रोज उघडायची ती लहान. काही बिघडलेच तर आठवड्याचे बिघडेल, सगळे नाही. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असतो. त्या दिवसांत तीनशे ग्रॅमची बरणी रोज उघडणे म्हणजे मिश्रण हाताने सादळवणे.

फ्रिजमध्ये ठेवू का, हा प्रश्न रोजचा. ठेवू नका. फ्रिजमधली गार बरणी बाहेर काढून लगेच उघडली की स्वयंपाकघरातली दमट हवा आत शिरून पुडीवर दव धरते. वाफेइतकाच तोही त्रास. ठेवायचीच असेल तर मोठी बरणी ठेवा आणि बाहेर काढल्यावर तासभर झाकण न उघडता थांबा.

बरणी भरण्यापूर्वी धुतली असेल तर नुसती पुसून चालत नाही. झाकणाच्या आट्यांत आणि रबराच्या कडीखाली पाणी राहते. कडी काढून वेगळी वाळवा. ऊन असेल तर दुपारभर उन्हात. पावसाळ्यात स्टीलचा डबा मंद आचेवर तव्यावर उपडा ठेवून गरम करा आणि पूर्ण निवल्यावरच भरा. काचेच्या बरणीला हा उपाय करू नका, तडकते. तांदळाची पुरचुंडी बरणीत टाकण्याचा फारसा उपयोग नाही. पावसाळ्यात आपले तांदूळ मुळातच ओल धरलेले असतात. खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी मिळते, ती घाला.

परत आणण्याआधी गाठ तपासून पाहा, कारण सगळ्या गाठी ओलीच्या नसतात. कोकोतले लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळते. वैशाखात पत्र्याखाली किंवा गाडीत राहिलेल्या पाकिटात ते सुटते, मग गारव्याला आळते आणि पुडीच्या मऊ गुठळ्या होतात. कधी त्यावर फिकट झाक येते. बोटांत दाबली की भुगा होतो आणि वास नेहमीचा येतो: अशी पूड चाळून बिनधास्त वापरा. गाठ दगडासारखी कडक असेल पण वास चांगला असेल तर खलबत्त्यात कुटून, वस्त्रगाळ करून आठवड्यात संपवा. वास कुबट असेल, गाठ चिकट असेल किंवा पांढरे-हिरवे केस दिसत असतील तर अख्खी बरणी टाकून द्या. वरचा थर काढून खालची पूड वापरू नका.

प्रमाण

वीस कपांसाठी: बिनसाखरेची कोको पूड १६० ग्रॅम, एरिथ्रिटॉल १६० ग्रॅम, शुद्ध स्टीव्हिया (त्या झाडाच्या पानांचा गोड अर्क) अर्धा ग्रॅम, बारीक मीठ २ ग्रॅम, जायफळ पूड २ ग्रॅम, वेलची पूड २ ग्रॅम. १५० मिली दुधाच्या एका कपाला यातले साधारण १६ ग्रॅम लागते, म्हणजे १५ मिलीच्या मापाचे दोन सपाट चमचे. गोडी दोन चमचे साखरेच्या जरा पुढे जाते. मीठ वगळू नका: त्याने खारटपणा येत नाही, पण कडवटपणा नक्की दबतो.

एरिथ्रिटॉल आधी मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखे बारीक करा. थांबून थांबून फिरवा, भांडे तापू देऊ नका आणि झाकण उघडण्याआधी दोन मिनिटे धूळ बसू द्या, नाहीतर नाकातोंडात जाते. दाणेदारच घातले तर बरणीत हलता हलता दाणे आणि कोको वेगळे होतात. एक कप कडू, दुसरा गोडमिट्ट.

खरी काळजी स्टीव्हियाची. शुद्ध स्टीव्हिया साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असते, त्यामुळे अर्धा ग्रॅम तीनशे ग्रॅम पुडीत एकदम टाकून ढवळले तर ते कधीच सारखे पसरत नाही. आधी ते दोन चमचे एरिथ्रिटॉलमध्ये घोटा, मग तेवढेच आणखी एरिथ्रिटॉल घालून घोटा, असे दुप्पट करत जा. शेवटी कोको आणि मसाला घालून सगळे मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम धरता येत नाही, आणि अंदाजाने टाकलेली चिमूट सहज दुप्पट होऊन जिभेवर कडसर चव रेंगाळते. यासाठी आम्ही अर्ध्या ग्रॅमच्या तोललेल्या पुड्या बांधून ठेवतो. बाहेरून घेत असाल तर पाकिटावरचे घटक वाचा: स्टीव्हिया म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पाकिटांत बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असते. तेही रक्तातली साखर चढवतात आणि आमचे प्रमाण तिथे लागू पडत नाही. स्टीव्हियाच्या पानांची हिरवी पूड या कामाची नाही, दुधाला पाल्याचा वास येतो.

गूळ, काकवी, खारकेची पूड चालेल का? चवीला चालेल, पण मग मिश्रण बिनसाखरेचे उरत नाही. गुळात बहुतांश साखरच असते आणि खारकेत निम्म्याहून अधिक. शिवाय गुळाची पूड पावसाळ्यात चार दिवसही सुटी राहत नाही.

दुधाची पावडर घालून नुसत्या पाण्यात करायचे मिश्रण पुष्कळजण मागतात. आम्ही ते करत नाही. साय काढलेल्या दुधाच्या पावडरचे निम्मे वजन दुधातल्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे असते, आणि डेअरी व्हाइटनरमध्ये बहुधा वरून साखरही घातलेली असते. घटकांतल्या अशा अंगच्या साखरेमुळेच आमच्या पाकिटावर "शुगर फ्री" छापलेले नसते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर असेल तर तसा दावा करता येत नाही, आणि कोकोमध्ये स्वतःची थोडी साखर असते. "साखर घातलेली नाही" एवढेच आम्ही लिहितो.

कोको आणि मसाला

"ड्रिंकिंग चॉकलेट" लिहिलेला डबा घेऊ नका, त्यात बरीचशी साखरच असते. कोको पूड दोन जातींची. साधी पूड फिकट तपकिरी आणि किंचित आंबट असते. क्षार देऊन सौम्य केलेली गडद असते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात हॉलंडमध्ये निघाली, आणि पाकिटावरच्या घटकांत आयएनएस ५०० किंवा ५०१ (या क्षारांचे क्रमांक) दिसले की ती हीच. गडद पुडीत कोको जास्त असतो असे समजू नका. उलट क्षाराने कोकोतली फ्लॅव्हनॉल ही उपयुक्त द्रव्ये कमी होतात. तरीही साखर नसलेल्या मिश्रणात साध्या पुडीचा आंबटपणा उघडा पडतो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांना आणि मुलांसाठी आम्ही निम्मी-निम्मी सुचवतो. दोन्ही आमच्याकडे सुट्या मिळतात.

जायफळ घेताना कवचासकट घ्या आणि हलवून पाहा. नीट वाळलेले असेल तर आतली बी खुळखुळते. न वाळलेल्या जायफळाची पूड तेलकट आणि ओलसर निघते आणि गाठी तिथूनच सुरू होतात. आमचे जायफळ इथल्याच नारळी-पोफळीच्या बागांतले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' या जाती आता बागायतदारांच्या ओळखीच्या आहेत. वेलचीऐवजी दालचिनी घालायची तर २ ग्रॅमच्या वर जाऊ नका. दालचिनीची पूड गरम दुधात फुगते आणि कप बुळबुळीत लागतो.

कप करताना

कपात काढलेल्या पुडीवर दोन-तीन चमचे कोमट दूध घालून गुळगुळीत लेप करा. उकळते दूध नको: कोकोच्या कणांवर लोणी असते, त्यामुळे ते पाणी लवकर घेत नाहीत, आणि गुठळीचा बाहेरचा थर उकळत्या दुधात शिजून घट्ट झाला की आतली पूड कोरडीच राहते. मग कितीही रवी फिरवा, ती फुटत नाही. लेप तापलेल्या दुधात सोडा, मंद आचेवर दोन मिनिटे उकळी येऊ द्या आणि रवीने घुसळा. हे उकळणे टाळू नका; कच्चट चव त्यानेच जाते आणि दूध थोडे दाटही होते. म्हशीच्या दुधात आणखी दाटपणा लागत नाही. गाईच्या दुधात पाव चमचा नाचणीसत्त्व लेपातच कालवा, मात्र ते पिठूळ असल्याने पथ्याच्या हिशोबात धरा.

दूध फाटल्याचा दोष पुष्कळदा पुडीला लागतो. सकाळचे बाहेर राहिलेले, नासायच्या बेतात आलेले दूध साध्या कोकोच्या आंबटपणाने फाटते. अशा दुधाचा चहा करताना निभावले तरी हे निभावत नाही. नारळाच्या दुधात करायचे असेल तर जाड दूध शेवटी घाला आणि उकळू देऊ नका. लेप पातळ दुधात शिजवून घ्या. जायफळ त्यात फार चांगले लागते, आणि दुधातली साखरही टळते.

मधुमेह असलेल्यांसाठी

१५० मिली गाई-म्हशीच्या दुधात सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असते. मिश्रणात साखर नाही म्हणून कप मोजायचा नाही असे करू नका. दुधाचा हिशोब धरा किंवा निम्मे पाणी घाला. एरिथ्रिटॉल बहुतांशी न पचता लघवीवाटे बाहेर पडते, पण एका वेळी जास्त झाले तर पोट बिघडते, म्हणून दिवसाला दोन कपांवर जाऊ नका. रक्तातले एरिथ्रिटॉलचे प्रमाण आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध दाखवणारा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने कारण सिद्ध होत नाही, तरी हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. त्यांच्यासाठी एरिथ्रिटॉल वगळून स्टीव्हिया एक ग्रॅम घ्या आणि ते कोकोमध्येच दुप्पट-दुप्पट करत घोटा. मग कपाला ८-९ ग्रॅम मिश्रण पुरते. लहान मुलांना रात्री उशिरा देऊ नका, कोकोत थोडे कॅफीन असते.

पाकिटे आणि परतावा

जून ते सप्टेंबर आम्ही कोको १०० ग्रॅमच्या पाकिटांतच देतो. मोठे पाकीट स्वस्त पडते हे खरे, पण अर्धे फुकट गेले तर महागच. तयार मिश्रण आम्ही विकत नाही: घटक वेगळे राहिले की टिकतात, आणि गोडी ज्याच्या त्याच्या घरची. वीस कपांच्या जुडग्यात कोको, दळलेले एरिथ्रिटॉल, स्टीव्हियाची पुडी आणि अख्खे जायफळ वेगवेगळे बांधलेले असते. सील न फोडलेले पाकीट तारखेच्या आत केव्हाही बदलून देऊ. उघडलेली बरणी परत घेत नाही, पण गाठ कसली आहे याची शंका असेल तर चमचाभर पूड कोरड्या कागदात बांधून आणा. पाहून सांगू, आणि कुटून वापरण्याजोगी असेल तर इथेच चाळूनही देऊ.