बोव्हेचं छत का कोसळलं?

एक जाड पोस्टकार्ड घ्या. ते वाकवून कमानीसारखं टेबलावर उभं करा आणि वरून बोटाने हलकेच दाबा. कार्ड मोडत नाही, त्याचे पाय बाहेर सरकतात. आता दोन्ही पायांशी एकेक जाडजूड पुस्तक ठेवून पुन्हा दाबा. कमान जागची हलणार नाही. मध्ययुगीन युरोपात गॉथिक शैलीची कॅथेड्रल, म्हणजे भव्य चर्च, बांधणाऱ्या गवंड्यांचा सगळा झगडा या दोन पुस्तकांसाठी होता.

दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र त्याला अजिबात झेपत नाही. चुन्याचा सांधा तर त्याहून कच्चा. कमानदार दगडी छताचं वजन खाली येतं तसंच भिंतींना बाहेरही ढकलतं. जुन्या चर्चमध्ये यावर उपाय एकच होता : जाड भिंती आणि लहान खिडक्या. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कारागिरांनी टोकदार कमान वापरली. अर्धगोल कमानीपेक्षा ती बाहेर कमी रेटते. (मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आपण पाहतो त्या टोकदार कमानी याच शैलीच्या एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनातून आल्या.) उरलेला रेटा पेलायला त्यांनी भिंतीबाहेर, हवेत झेपावणाऱ्या अर्ध्या कमानी बांधल्या. या ‘फ्लाइंग बट्रेस’, म्हणजे हवेतले टेकू, छताचा रेटा दूरच्या भक्कम दगडी खांबांवर नेऊन सोडतात. भिंत मोकळी झाली आणि तिच्या जागी रंगीत काचा आल्या.

मग उंचीची चढाओढ लागली. पॅरिसच्या नोत्र-दामचं छत सुमारे 33 मीटर, शार्त्रचं 36च्या पुढे, आमियाँचं 42. उत्तर फ्रान्समधल्या बोव्हे गावाने 1225 मध्ये काम काढलं आणि 1272 पर्यंत कॉयर, म्हणजे आपल्याकडच्या गाभाऱ्यासारखा भाग, पुरा केला. छताची उंची सुमारे 48 मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा-सोळा मजले! इतकं उंच गॉथिक छत दुसरीकडे कुठेही नाही.

बाराच वर्षांनी, 1284 मध्ये, त्या छताचा काही भाग खाली आला.

का, यावर अजून वाद आहे. खांबांमधलं अंतर फार होतं, असं बरेच जण म्हणतात. मला सर्वांत पटतं ते प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट मार्क यांचं काम. त्यांनी इमारतीच्या छेदाची पारदर्शक प्लॅस्टिकची प्रतिकृती केली, ती तापवून तिच्यावर वजनं टांगली आणि तशीच थंड होऊ दिली. ध्रुवीकृत प्रकाशात धरल्यावर तिच्यात रंगीत पट्टे उमटले. जिथे पट्टे दाट, तिथे ताण-दाब जास्त. त्यावरून असं दिसलं की जोराच्या वाऱ्याने बाहेरच्या टेकूंच्या मधल्या खांबांत ताण निर्माण होत असावा. वारा एका दिवसात इमारत पाडत नाही. प्रत्येक वादळ चुन्याच्या सांध्यात थोडी चीर वाढवत जातं.

दुरुस्ती करताना गवंड्यांनी दोन-दोन खांबांच्या मध्ये एकेक नवा खांब घातला. आजही आत उभं राहिलं की ती दाटी जाणवते. अपयश पाहून त्यांनी उंची कमी केली नाही, आधार वाढवला, हे मला फार थोर वाटतं.

सोळाव्या शतकात मात्र मोह आवरला नाही. मुख्य सभागृह बांधण्याआधीच मधल्या चौकावर 153 मीटरचा मनोरा चढवला गेला. तो 1569 मध्ये पुरा झाला. तीन बाजूंनी इमारतीचा आधार होता, पश्चिमेला काहीच नव्हतं. पोस्टकार्डाच्या एका पायाशी पुस्तकच ठेवलं नव्हतं म्हणा ना. 30 एप्रिल 1573 रोजी, स्वर्गारोहणाच्या सणाला, लोक मिरवणुकीने बाहेर पडले आणि मागे मनोरा कोसळला.

विसाव्या शतकातही हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. टेकूंना जोडणाऱ्या जुन्या लोखंडी सळया 1960च्या दशकात निरुपयोगी समजून काढल्या, तेव्हा टेकू वाऱ्यात डोलू लागले. शेवटी सळया पुन्हा बसवल्या.

ते सभागृह कधीच बांधलं गेलं नाही. त्याच्या जागी दहाव्या शतकातलं जुनं, ठेंगणं चर्च अजून उभं आहे, जाड भिंती आणि लहान खिडक्यांसह.