गोधडी बाजूला, पंखा चालू

डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत रात्री अडीच वाजता कुणी पंखा लावत नाही. शहापुरात आमच्या शेजारच्या काकूंनी लावला. नवरा कुरकुरला, पोरगी गोधडीत आणखी आत शिरली, आणि काकू पदरानं मान पुसत खिडकीशी बसून राहिल्या. सकाळी सासूबाईंचं निदान तयार होतं: "उष्णता झालीय, सब्जा घे." वय त्रेचाळीस, पाळीही येत होती. त्यामुळे 'ते', म्हणजे पाळी जाण्याची सुरुवात, असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आपली गफलत होते ती इथेच. सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली असं डॉक्टर म्हणतात. भारतात हे साधारण ४६-४७व्या वर्षी घडतं. पण त्याआधीचा उंबरठ्यावरचा काळ, म्हणजे पेरिमेनोपॉज, सरासरी ४ वर्षं चालतो, काहींना ८ वर्षंसुद्धा. हे सगळं पाळी येत असतानाच.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात आणि चाळिशीत साठा तळाला जातो. मग एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही. ते सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र गुपचूप उतरत नाही, कधी उसळतं, कधी कोसळतं. लगाम नसल्यानं गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं. म्हणून पाळी दीड महिन्यानं येते आणि आली की धो धो अंगावरून जाते. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्रही या हेलकाव्यांनी हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी त्याला वाटतं, फार झालं! छातीपासून चेहऱ्यापर्यंत वाफ, घाम, आणि दोन-चार मिनिटांत उलट हुडहुडी.

झोप मोडणं, विनाकारण चिडचिड, सांधे धरणं, छातीत धडधड, कोरडेपणा, ओठांवरचा शब्द न सापडणं, हेही यातच येतं. पण थायरॉईड आणि रक्तक्षय हुबेहूब अशीच सोंगं घेतात, त्यामुळे त्या दोन तपासण्या करून घ्याव्यात. हार्मोनच्या एकाच तपासणीवर पैसे घालण्यात मात्र मला अर्थ दिसत नाही. आजचा आकडा पुढच्या महिन्यात भलताच निघू शकतो.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातलं कॅलेंडर भरवशाचं. काकूंनी दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीनं गोल केले. दोन पाळ्यांमधलं अंतर निघालं २६, ३५, २४, ३४ दिवस. लागोपाठच्या अंतरांत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, की हा काळ सुरू झाला समजावं. ६० दिवसांचा खाडा पडला, तर शेवटचा टप्पा. सलग १२ महिने पाळी बंद होईपर्यंत दिवस राहू शकतात, हे मात्र बऱ्याच जणी विसरतात.

तासातासाला पॅड बदलावं लागलं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, वर्षभर बंद राहून पुन्हा डाग पडला, किंवा चाळिशीआधीच पाळी थांबली, तर घरगुती उपाय करत बसू नये. "पिशवीच काढून टाका" हा सल्ला मिळाला, तर आधी गोळ्या आणि हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू यांबद्दल विचारावं. ज्यांची पिशवी आधीच काढलीय पण अंडाशय शाबूत आहेत, त्यांना कॅलेंडर काही सांगणार नाही. त्यांनी वाफांवरूनच ओळखायचं.

आपल्याकडे आणखी एक अडचण, ती भाषेची. दवाखान्यात सिस्टर कानडी बोलतात. कानडीत पाळीला 'मुट्टु' म्हणतात, आणि मुट्टु म्हणजे शिवणंही. आपल्याकडे कावळा शिवतो! दोन्ही भाषा एकाच आडोशाला उभ्या. काकूंनी हळू आवाजात सांगितलं, "मुट्टु हिंदमुंद आगतैति." मागंपुढं होतंय. सिस्टरनं विचारलं, किती दिवस मागंपुढं? काकूंनी पिशवीतून कॅलेंडरची चार पानं काढून टेबलावर ठेवली, दुधाच्या हिशेबासकट.