दर्या आणि दऱ्या यांतला एक अंक

लग्नघरात आचाऱ्यांना मजुरी मिळते आणि आचार्यांना दक्षिणा. कागदावर दोघांत फरक एवढासाच: आचाऱ्यांचा र आडवा होऊन पुढच्या य ला चिकटतो, आचार्यांचा र रफार होऊन त्याच्या डोक्यावर चढतो. दऱ्या आणि दर्या, हेही त्याच जातीचं जोडपं. हिंदीला या आडव्या र ची गरज पडत नाही. मराठीचं मात्र त्याच्यावाचून वाऱ्यावर, तऱ्हा, ऱ्हास असं सगळंच अडतं. ऱ्हस्व वेलांटीतला 'ऱ्हस्व'सुद्धा लिहिता येत नाही.

संगणकाच्या पोटात अक्षर नसतं, आकडा असतो. आजच्या फोनमध्ये र चा क्रमांक २३५२ आहे आणि आडव्या र साठी वापरतात त्या ऱ चा २३५३. म्हणजे समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांच्यात अंतर एका अंकाचं. या एका अंकाला तिथे जागा कशी मिळाली, हे सांगायचं तर अमेरिकेतून सुरुवात करून कानपूरमार्गे पुण्याला यावं लागतं.

अमेरिकेत १९६३ साली 'आस्की' नावाची यादी ठरली. सात बिटांची यादी (बिट म्हणजे शून्य किंवा एक), म्हणून तिच्यात १२८ जागा. इंग्रजीची मोठी लिपी, पुढे छोटीही, अंक, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही सूचना, एवढं तिच्यात आरामात मावलं. त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती: एक आकडा म्हणजे एक आकार, आणि आकार एकापुढे एक रांगेत उभे राहणार. इंग्रजीला हे चालतं, कारण ए च्या शेजारी बी आला म्हणून ए चं रूप बदलत नाही. आपल्याकडे क च्या पुढे ष आला की दोघांचा मिळून तिसराच कोणी तयार होतो. उकार खाली लोंबतो, मात्रा वर चढते. ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी.

ही अडचण संगणकाच्या आधी टंकयंत्राने सोडवली होती, पण जुगाड करून. कळा मोजक्या, त्यामुळे त्यांच्यावर अर्धी अक्षरं बसवली आणि काना वेगळा ठेवला. अर्धा भ मारायचा, मग काना मारायचा, की झाला पूर्ण भ. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी मारायची. टायपिंगच्या क्लासला जाऊन परीक्षा दिलेल्या पिढीच्या बोटांत हे इतकं मुरलं होतं की त्यांना त्यात काही विचित्र वाटत नसे. यंत्राला तर वाटण्याचा प्रश्नच नव्हता. कागदावर ठसा उमटला की त्याचं काम संपलं. त्याने काय लिहिलं, हे त्याला कोणी नंतर विचारणार नव्हतं.

घोळ झाला तो पुढे. टेबलावर पीसी आला, छपाईचं काम त्याच्यावर सुरू झालं आणि गल्लोगल्ली डीटीपी सेंटरं उघडली. मराठी हवी होती ताबडतोब आणि यादीत मराठीला जागा नव्हती. मग फॉन्ट करणाऱ्यांनी सोपी वाट धरली: आकडे इंग्रजीचेच ठेवायचे, फक्त त्यांच्यावर मराठी आकारांचे मुखवटे चढवायचे. उत्तरेत गाजलेल्या 'कृतिदेव' फॉन्टमध्ये 'भारत' लिहायचा तर मोठा एच, दोनदा के, मग जे आणि आर. एच म्हणजे अर्धा भ. पहिल्या के ने तो पूर्ण होतो, दुसऱ्या के ने त्याला काना लागतो. टंकयंत्र जसंच्या तसं पडद्यावर चढवलेलं! पडद्यावर भारत दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ असते.

आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे कितीतरी फॉन्ट चालत आणि कोणता मुखवटा कोणत्या आकड्यावर, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. मी स्वतः एकदा घरातल्या लग्नाची पत्रिका फ्लॉपीत घालून दुसऱ्या दुकानात नेली. उघडल्यावर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी कंस, टक्क्याची खूण आणि तिरक्या रेघा. ऑपरेटर थंडपणे म्हणाला, "काका, फॉन्ट पण आणायचा असतो." पत्रिका पुन्हा बसून टाइप केली. पण ज्यांनी दहा-पंधरा वर्षांचं लेखन, संस्थेचे अहवाल, गावाचा इतिहास अशा फॉन्टांत साठवला, त्यांचं काय? फायली शाबूत असतात. वाचायला मात्र तोच फॉन्ट लागतो किंवा मुखवटे ओळखून आकडे बदलणारा परिवर्तक. तो परिवर्तकही नेमका जोडाक्षरांपाशी अडखळतो. कसर न लागलेली पण वाचता न येणारी पोथी, असं काहीतरी ते प्रकरण आहे.

याच काळात काही माणसं मूळ प्रश्नाला हात घालत होती. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी टर्मिनल, म्हणजे संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, तयार करण्याचं काम झालं. 'जिस्ट' या नावाने ओळखलं जाणारं हे तंत्र पुढे पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आलं. ती संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली होती. सीडॅक म्हटलं की बहुतेकांना परम महासंगणक आठवतो आणि १९९१ चा परम ८००० अभिमान वाटावा असाच होता. तरी माझ्यासारख्या साध्या माणसाच्या रोजच्या जगण्याला महासंगणकापेक्षा जिस्टचाच हात जास्त लागला, असं माझं मत आहे. पीसीत एक कार्ड खोचायचं आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांतून मराठी दिसायला लागायची.

या कामामागचा विचार टंकयंत्राच्या अगदी उलटा होता. साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने. आकार काय घ्यायचा, ते दाखवताना बघू. क म्हणजे अ मिसळलेला पूर्ण क. अर्धा करायचा तर पुढे पाय मोडल्याची खूण द्यायची. अर्ध्या अक्षरांना वेगळे आकडे द्यायचेच नाहीत. आपण शाळेत बाराखडी शिकतो ती याच पद्धतीने, फक्त यंत्राला तसं शिकवावं हे सुचायला वेळ लागला.

त्यातून 'इस्की' हे भारतीय प्रमाण तयार झालं. आस्कीचे पहिले १२८ आकडे तसेच ठेवले आणि वरचे १२८ भारतीय लिप्यांना दिले. गंमत म्हणजे सगळ्या लिप्यांना मिळून एकच यादी. मराठीतला क, गुजरातीतला क, बंगालीतला क यांचा आकडा एक. लिपी बदलायची ती फक्त दाखवताना. ब्राह्मीपासून फुटलेल्या लिप्यांचं भाऊबंदांचं नातं असं आकड्यांत उतरलं.

कीबोर्डही याच विचाराने मांडला. १९८६ मध्ये ठरलेल्या 'इनस्क्रिप्ट' मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ त्याच्या वरच्या ओळीत. वेलांटी व्यंजनानंतर दाबायची, म्हणजे बोलतो त्याच क्रमाने. शिकायला एक आठवडा पुरतो आणि मग गुजरातीचा कीबोर्डही आपोआप येतो. तरीही टंकयंत्रावर घडलेल्या बोटांनी इनस्क्रिप्टला बराच काळ दाद दिली नाही. नंतरची पिढी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायला शिकली आणि तीही इकडे फारशी फिरकली नाही. मला हे मराठी टंकलेखनातलं सर्वांत वाया गेलेलं शहाणपण वाटतं.

ऑक्टोबर १९९१ मध्ये 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांची एक यादी करायची, अशी ती कल्पना. देवनागरीला त्यात १२८ जागा मिळाल्या आणि मांडणी घेतली ती इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून. लिप्यांना स्वतंत्र जागा दिल्या, तरी जुनं नातं शिल्लक राहिलं: देवनागरी क २३२५ वर, बंगाली क त्याच्यापुढे नेमका १२८ घरांवर, गुजराती क ३८४ घरांवर. बाकीची बरीच व्यंजनंही याच अंतराने जातात.

आणि तो ऱ? त्याला जागा मिळाली ती द्राविडी भाषांतला वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. म्हणून त्याच्या खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, आहे. मराठीने त्याचा पाय मोडला आणि त्या मोडक्या रूपाला आपला आडवा र केलं. आचाऱ्यांचा र असा तमिळच्या घरी पोटभाडेकरू म्हणून राहतो.

आता साठवण आणि दिसणं वेगळं केल्यावर दोघांना जोडणारं कोणीतरी लागतं. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. संगणकात मात्र ज, मोडका पाय, ञ, काना, न, मात्रा, श, मोडका पाय, व, र, दीर्घ वेलांटी अशा ११ खुणा ओळीने बसलेल्या असतात. आकार जुळवणारा प्रोग्राम ही ओळ वाचतो, फॉन्टमधले नियम पाहतो आणि ज ला ञ भेटला की ज्ञ चा आकार उचलतो. 'धर्म'मध्ये र खुणांच्या ओळीत म च्या आधी असतो, त्याला शेवटी नेऊन म च्या डोक्यावर बसवतो. 'स्थिती'मधली पहिली वेलांटी मागून उचलून सबंध जोडाक्षराच्या पुढे आणतो. हे सगळं तुम्ही कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतच्या क्षणात. मागे जायची कळ दाबल्यावर अख्खं 'क्षे' न जाता आधी मात्रा, मग ष, मग मोडका पाय असं एकेक का गळतं, याचंही उत्तर यातच आहे.

विंडोजमध्ये ही सोय २००० साली आली आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतले शिक्षक असलेल्या जोशींची अक्षरं करोडो पडद्यांवर उमटली आणि ती वाचणाऱ्या बहुतेकांना जोशींचं नावही माहीत नव्हतं. विंडोज एक्सपीवर तर ही सोय असूनही झोपलेली असे; सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. ती सीडी कुठल्या कपाटात आहे, हे कचेरीत सहसा कोणालाच ठाऊक नसे.

मोबाइलवर मराठीला पैशांचाही अडसर होता. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, एक बाइट म्हणजे आठ बिट. इंग्रजी अक्षर सात बिटांचं, म्हणून १६० अक्षरं. मराठी खुणेला सोळा बिट, म्हणून फक्त ७०. त्यातल्या ११ एकट्या ज्ञानेश्वरीने खाल्ल्या. म्हणजे मराठीत खुशाली कळवली की दोन संदेशांचे पैसे, आणि पलीकडच्या फोनमध्ये फॉन्ट नसला तर त्याला दिसणार नुसते चौकोन. आपली मुलं इंग्रजी लिपीत मराठी लिहायला लागली म्हणून पुष्कळ गळे काढले गेले. त्या मुलांनी हिशोब बरोबर केला होता, एवढंच. डेटा स्वस्त झाला, फोनमध्ये फॉन्ट आले, तेव्हा आजी-आजोबांनी देवनागरीत सुप्रभात पाठवून सगळ्यांना मागे टाकलं.

कुरबुरी अजून आहेत. 'ॲप' हा शब्द कोणी अ वर चंद्र देऊन दोन खुणांत लिहितं, कोणी ॲ ही एक खूण वापरतं, कोणी ए वर चंद्र काढून 'ऍप' करतं. सुटा ॲ युनिकोडमध्ये आला २००८ साली, तोवर लोकांनी आपापली सोय लावून घेतली होती. पहिली दोन रूपं दिसायला सारखीच, पण आकडे वेगळे असल्यामुळे एक शोधलं तर दुसरं हाती लागेलच असं नाही. पीडीएफमध्ये कधी कधी खुणा हरवून नुसते आकार उरतात. डोळ्यांसमोर दिसणारं स्वतःचं नाव यादीत शोधावं तर सापडत नाही. क्रम लावताना आणखी एक पेच पडतो. आपल्या कोशांत ह नंतर ळ, मग क्ष आणि ज्ञ. आकड्यांत मात्र ळ हा ल च्या पाठोपाठ आहे आणि ज्ञ ला स्वतःचा आकडाच नाही. त्यामुळे आकड्यांप्रमाणे लावलेल्या हजेरीपटात ज्ञानदेव शेवटून उठून जयवंत, जीवन यांच्या जवळपास येऊन बसतो. मराठीचा क्रम सांगणारे नियम तयार आहेत. ते वापरायचे की नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर असतं, आणि त्याला बहुधा कोणी सांगितलेलं नसतं.

आता तर टाइपही करावं लागत नाही. बोललं की फोन लिहितो. तो आवाज ऐकतो, जवळ जाणारे शब्द काढतो आणि आजवर वाचलेल्या मजकुरात कोणता शब्द जास्त वेळा आला, यावरून एक निवडतो. बोलण्यात भेद असतोच: आचार्य म्हणताना र्य च्या आधीच्या चा वर आघात येतो, आचाऱ्यांना म्हणताना तो येत नाही. पण लिहिलेल्या मराठीत आचार्य फार आणि आचारी थोडे. परवा घरच्या कार्यक्रमानंतर मी फोनला हिशोब सांगत होतो. मंडपाचे, फुलांचे, गॅसच्या टाक्यांचे पैसे त्याने बिनचूक लिहिले. स्वयंपाक केलेल्या माणसाचे त्याने आचार्यांच्या नावावर टाकले. मी फोन हातात घेतला, रफार खोडला आणि शिफ्ट धरून ऱ दाबला.