महसूलनोंद, दीर्घमुदती कंत्राटी उत्पादनातील

ग्राहकाच्या आराखड्याबरहुकूम बनवायच्या आणि एकाहून अधिक हिशेबी वर्षे चालणाऱ्या मालाच्या (उदा., जहाज, टर्बाइन, बॉयलर) कंत्राटावरील महसूल कोणत्या वर्षी आणि किती दाखवावा, हे ठरविण्याची लेखापद्धती. काम पुरे झाल्यावरच सर्व महसूल दाखविणे ही पूर्ण-कंत्राट पद्धत, तर कामाच्या प्रगतीनुसार दरवर्षी हिस्सा दाखविणे ही टक्केवारी पद्धत होय.

टक्केवारी पद्धतीचा उगम निश्चित सांगता येत नाही. अमेरिकेच्या प्राप्तिकर नियमांत ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आढळते. व्यवहारात ती त्यापूर्वीही असावी. अमेरिकी लेखापालांच्या संस्थेने १९५५ मध्ये काढलेल्या ४५ क्रमांकाच्या पत्रकाने, अंदाज भरवशाचे असतील तेथे, तिला पसंती दिली. आंतरराष्ट्रीय लेखामानक ११ (१९७९) मध्ये दोन्ही पद्धतींना मुभा होती. १९९३ च्या सुधारणेत पूर्ण-कंत्राट पद्धत वगळण्यात आली. या लेखामानकाची जागा मे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक १५ ने घेतली.

या मानकानुसार कंत्राट किती काळ चालते हा मुद्दा गौण असून, मालावरील नियंत्रण ग्राहकाकडे केव्हा जाते हा प्रश्न निर्णायक ठरतो. प्रगतीनुसार दरवर्षी महसूल दाखविण्यासाठी कारखान्यात बनणाऱ्या मालाला बहुधा लागू पडणारी कसोटी दुहेरी आहे : तयार होणारी वस्तू उत्पादकाला अन्यत्र वापरता येण्याजोगी नसावी आणि तोवर झालेल्या कामाचा मोबदला मिळण्याचा त्याचा हक्क कायद्याने बजावता येण्याजोगा असावा. हा मोबदला खर्च अधिक वाजवी नफा इतका हवा. निव्वळ खर्चभरपाई पुरत नाही. ग्राहक ठरलेले हप्ते भरत आहे एवढ्यावरून हा हक्क सिद्ध होत नाही. ग्राहकाने मध्येच कंत्राट मोडल्यास काय मिळेल, हे कंत्राटातील कलमे आणि लागू कायदा यांवरून पाहावे लागते. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन यंत्रांचा महसूल, केवळ रद्द करण्याच्या कलमातील फरकामुळे, एका कंत्राटात वर्षावर्षाने आणि दुसऱ्यात ताबा देतानाच दाखविला जाऊ शकतो. टीकाकारांना हे विचित्र वाटते. तथापि नियंत्रणाचे तत्त्व मान्य केल्यास ते सुसंगतच म्हणावे लागेल.

प्रगती मोजण्यासाठी झालेल्या खर्चाचे एकूण अंदाजी खर्चाशी प्रमाण काढण्याची रीत सर्वाधिक रूढ आहे. तीत वाया गेलेला माल व मजुरी धरत नाहीत. बाहेरून विकत घेतलेल्या महागड्या भागाचे नियंत्रण ग्राहकाकडे गेले असून तो बसवायचा बाकी असल्यास विशेष दक्षता लागते. समजा, किंमत १०० व अंदाजी खर्च ८० असून त्यातील २० ग्राहकाच्या आवारात पोचलेल्या तयार कॉम्प्रेसरचे आहेत. आजवरचा खर्च ३५ धरल्यास सरळ हिशेबाने प्रगती ४३.७५ टक्के आणि नफा ८.७५ येतो. कॉम्प्रेसर दोन्हीकडून वगळल्यास प्रगती ६० पैकी १५, म्हणजे २५ टक्के भरते. महसूल, किमतीतून कॉम्प्रेसरचे २० वजा जाता उरलेल्या ८० च्या २५ टक्क्यांनी २० अधिक कॉम्प्रेसरचे २०, असा ४० होतो आणि नफा ५ उरतो. कॉम्प्रेसरवर त्याच्या खर्चाइतकाच महसूल धरला जातो.

अंदाज बदलल्यास फरक चालू वर्षातच एकरकमी घेतात. एकूण कंत्राट तोट्यात जाणार असे दिसताच संपूर्ण अपेक्षित तोट्याची तरतूद तत्काळ केली जाते. मोबदल्याचा हक्क केवळ मुदत उलटण्यावर अवलंबून नसेल, तर झालेले काम ताळेबंदात येणे म्हणून न दाखविता कंत्राट-मत्ता म्हणून दाखवितात. कामापेक्षा अधिक घेतलेली रक्कम कंत्राट-देयता ठरते.