सभागृहातील सभ्यता आणि तिची किंमत : अमेरिकी काँग्रेसमधील वाणीसंयमाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राजकारणातील कडवटपणाची चर्चा निघाली की पूर्वीच्या, अधिक सभ्य काळाची आठवण हमखास काढली जाते. दिवसभर सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे दोन्ही पक्षांचे सदस्य संध्याकाळी एकत्र जेवत आणि दुसऱ्या दिवशी मिळून विधेयके मंजूर करत, असे ते चित्र असते. ते चित्र खोटे नाही. मात्र ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांचे आहे, आणि त्या दशकांतील शांतता कशावर उभी होती याचा उल्लेख त्यासोबत क्वचितच होतो. म्हणून आजच्या दुहीविषयी मत बनवण्यापूर्वी काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांच्या अमेरिकी संसदेने, आपल्या सदस्यांच्या जिभेवर वेळोवेळी कोणती बंधने घातली, ती कोणत्या भांडणांतून जन्मली आणि त्यांनी कोणाला संरक्षण दिले, हे तपासणे आवश्यक आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांना स्थान नव्हते, आणि १७९६ मधील निरोपाच्या संदेशात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पक्षीय वृत्तीच्या धोक्याबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. तरीही १७९८ च्या जानेवारीत फिलाडेल्फियातील प्रतिनिधिगृहात व्हरमाँटचे मॅथ्यू लायन हे कनेक्टिकटचे, तेव्हा सत्तेत असलेल्या फेडरलिस्ट पक्षाचे सदस्य रॉजर ग्रिसवोल्ड यांच्या तोंडावर थुंकले. लायन यांना काढून टाकण्यासाठी लागणारे दोन-तृतीयांश मतदान मिळाले नाही, तेव्हा ग्रिसवोल्ड यांनी फेब्रुवारीत सभागृहातच त्यांना काठीने मारले आणि लायन यांनी शेकोटीचा चिमटा उचलून प्रतिकार केला. त्याच वर्षी फेडरलिस्टांनी सरकारवरील टीकेला गुन्हा ठरवणारा राजद्रोहाचा कायदा संमत केला आणि त्याखाली लायन यांना चार महिन्यांची कैद झाली. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. याच काळात सिनेटचे अध्यक्षपद सांभाळणारे उपराष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन ब्रिटिश संसदेच्या प्रथांवर आधारलेली कामकाजाची नियमपुस्तिका तयार करत होते. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तिकेचे तत्त्व असे, की सदस्याने अध्यक्षांना उद्देशून बोलावे, दुसऱ्या सदस्याचे नाव घेऊ नये आणि त्याच्या हेतूवर शंका घेऊ नये. प्रस्तावाच्या परिणामांवर मात्र हवी तेवढी कठोर टीका करावी. माझ्या मते हा संयमाचा उत्तम प्रकार आहे, कारण त्यात भांडण मिटवण्याची घाई नाही, ते चालू ठेवण्याची सोय आहे.

पण याच सभागृहात दुसऱ्या प्रकारचा संयमही लवकरच आला. १८३० च्या दशकात उत्तरेकडील राज्यांतून गुलामगिरीच्या विरोधात हजारो अर्ज काँग्रेसकडे येऊ लागले. त्यांवर सह्या करणाऱ्यांत मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती. या अर्जांवर चर्चा झाली तर संघराज्य फुटेल, तेव्हा शांततेसाठी ती होऊच नये, असे कारण देऊन प्रतिनिधिगृहाने २६ मे १८३६ रोजी ठराव केला की गुलामगिरीविषयीचा कोणताही अर्ज न छापता आणि समितीकडे न पाठवता बाजूला ठेवला जाईल. १८४० मध्ये त्याला कायम नियमाचे रूप मिळाले. ‘तोंडबंदीचा नियम’ म्हणून तो ओळखला गेला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी म्हणून सभागृहात होते. त्यांनी वयाच्या सत्तरीत या नियमाविरुद्ध जो लढा दिला, तो संसदीय इतिहासात अभ्यासण्यासारखा आहे. ते प्रत्येक अधिवेशनात अर्ज आणत, अध्यक्ष ते नाकारत, आणि नाकारण्यावरच्या वादात ॲडम्स गुलामगिरीचा विषय काढत. १८४२ मध्ये हेव्हरहिल गावातील नागरिकांचा, संघराज्य शांततेने विसर्जित करावे असे सांगणारा अर्ज त्यांनी सादर केला. ही मागणी का मान्य करता येणार नाही याचे उत्तर देण्यासाठी समिती नेमावी, अशी त्यांची सूचना होती. दक्षिणेकडील सदस्यांनी त्यांच्या निषेधाचा ठराव आणला. पण आरोपीला आपली बाजू मांडण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क तोंडबंदीच्या नियमाला काढून घेता येत नव्हता. ॲडम्स यांनी सुमारे दोन आठवडे चाललेल्या त्या वादात नेमके तेच बोलून दाखवले जे नियमाने वर्ज्य होते, आणि शेवटी विरोधकांनाच ठराव सोडून द्यावा लागला. ३ डिसेंबर १८४४ रोजी त्यांच्या प्रस्तावावरून हा नियम १०८ विरुद्ध ८० मतांनी रद्द झाला.

आठ वर्षांच्या या शांततेने संघराज्य जोडले गेले नाही. दाबून ठेवलेला प्रश्न, कॅन्सस या नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी या वादातून, तेथील रक्तपाताच्या रूपाने उभा राहिला आणि मे १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांनी त्यावर दोन दिवस भाषण केले. जेफरसनच्या कसोटीवर ते भाषण उतरत नव्हते, हे मान्य करायला हवे. सभागृहात हजर नसलेले साउथ कॅरोलायनाचे सिनेटर अँड्र्यू बटलर यांची त्यांनी बोचरी आणि वैयक्तिक टिंगल केली होती. २२ मे रोजी बटलर यांचे नातेवाईक आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य प्रेस्टन ब्रूक्स यांनी सिनेटच्या दालनात, जमिनीला पक्क्या केलेल्या मेजामागे अडकलेल्या समनर यांना काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. ब्रूक्स यांना काढून टाकण्याच्या ठरावाला बहुमत मिळाले, पण दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. त्यांनी राजीनामा दिला, लगेच पुन्हा निवडून आले, आणि दक्षिणेतून चाहत्यांनी त्यांना नव्या काठ्या भेट पाठवल्या. मॅसॅच्युसेट्सने समनर यांनाच पुन्हा निवडले. ते नियमित कामकाजात परतेपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ त्यांची जागा रिकामी राहिली. दोन्ही बाजूंच्या मतदारांनी आपापला निकाल दिला होता, आणि पाच वर्षांत यादवी युद्ध सुरू झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. ते सज्जन म्हणजे ज्यांच्यावर त्या काळी सार्वजनिक शांतता बिघडवल्याचा आरोप होत होता तेच लोक, याची आठवण मराठी वाचकाने ठेवावी.

सिनेटमध्ये आज लागू असलेला वाणीसंयमाचा नियम १९०२ मधील एका मारामारीतून आला. २२ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे सिनेटर बेंजामिन टिलमन आणि त्याच राज्याचे, त्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन मॅकलॉरिन सभागृहात एकमेकांना ठोसे मारू लागले. सिनेटने दोघांचा निषेध केला आणि नियम क्रमांक १९ मध्ये अशी भर घातली, की कोणत्याही सिनेटरने दुसऱ्या सिनेटरवर त्याच्या पदाला न शोभणाऱ्या वर्तनाचा किंवा हेतूचा आरोप करू नये. मात्र याच टिलमन यांनी दोन वर्षांपूर्वी, १९०० मध्ये, सिनेटमध्ये उभे राहून उघड सांगितले होते की कृष्णवर्णीयांना सत्तेपासून दूर ठेवण्यासाठी आपल्या लोकांनी मतपेट्यांत खोटी मते भरली आणि गोळ्या घातल्या, आणि त्याची आपल्याला लाज वाटत नाही. त्या भाषणासाठी कोणताही नवा नियम करण्याची गरज सिनेटला वाटली नाही. नियमाने सभागृहातील माणसांची प्रतिष्ठा राखली; ज्यांना त्या सभागृहात शिरूच दिले जात नव्हते, त्यांच्या प्रतिष्ठेला त्यात जागा नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यावरील सलोख्याचे गणितही यातूनच सुटते. त्या काळात दोन्ही पक्ष आतून मिश्र होते. डेमोक्रॅटिक पक्षात उत्तरेकडील कामगारवर्ग आणि दक्षिणेकडील वंशभेदवादी एकत्र नांदत, तर रिपब्लिकन पक्षात व्यापारी पुराणमतवादी आणि ईशान्येकडील उदारमतवादी होते, त्यामुळे प्रत्येक विधेयकासाठी समोरच्या पक्षातील कोणाला तरी विश्वासात घ्यावे लागे. परस्परांशी नीट बोलण्यामागे ही व्यावहारिक गरज होती. १९५० मध्ये अमेरिकी राज्यशास्त्र संघटनेच्या समितीने तर दोन्ही पक्षांत पुरेसा फरक नाही अशी तक्रार केली होती. परंतु या सलोख्याची एक अट होती : दक्षिणेतील वंशभेदाला हात लावायचा नाही. जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धची विधेयके प्रतिनिधिगृहाने १९२२, १९३७ आणि १९४० मध्ये मंजूर केली आणि प्रत्येक वेळी सिनेटमधील दाक्षिणात्य सदस्यांनी लांबलचक भाषणे करून किंवा तशी धमकी देऊन ती अडवली. असा केंद्रीय कायदा व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ती अट मोडली. सिनेटमध्ये तो ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला, तेव्हा विरोधकांत २१ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन होते, आणि रिपब्लिकन गटनेते एव्हरेट डर्कसन यांच्या मदतीशिवाय चर्चा थांबवण्यापुरती मते जमलीच नसती. पण त्या सहांपैकी एक, बॅरी गोल्डवॉटर, त्याच वर्षी पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. ते निवडणुकीत सपाटून हरले, तरी दक्षिणेतील पाच राज्ये त्यांनी जिंकली. पुढच्या तीन दशकांत गोऱ्या दाक्षिणात्य मतदारांचा मोठा भाग रिपब्लिकन पक्षाकडे सरकला, उदारमतवादी रिपब्लिकन नाहीसे होत गेले, आणि वंश, धर्म, वस्ती व विचार या सर्व भेदरेषा एकाच पक्षरेषेवर येऊन बसल्या. आपल्या मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या घरात लग्न केले तर वाईट वाटेल असे १९६० मध्ये सुमारे पाच टक्के लोक सांगत. २०१० मध्ये असे सांगणारे रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांत सुमारे एक-तृतीयांश होते.

ही फेररचना होत असतानाच सभागृहात कॅमेरा आला. मार्च १९७९ पासून सी-स्पॅन वाहिनीवर प्रतिनिधिगृहाचे प्रक्षेपण सुरू झाले आणि जॉर्जियाचे तरुण रिपब्लिकन सदस्य न्यूट गिंग्रिच यांनी कामकाज संपल्यानंतरच्या रिकाम्या सभागृहात, केवळ प्रेक्षकांसाठी, डेमोक्रॅटांवर हल्ला चढवण्याची पद्धत रूढ केली. मे १९८४ मध्ये सभापती टिप ओ’नील यांनी रिकाम्या बाकांवर कॅमेरा फिरवण्याचा आदेश दिला; त्यावरून झालेल्या वादात ते स्वतःच इतके संतापले की त्यांचे शब्द नियमबाह्य ठरवून कामकाजातून काढावे लागले. १९९० मध्ये गिंग्रिच यांच्याशी संबंधित गोपॅक संघटनेने उमेदवारांना शब्दांची यादीच दिली, ज्यात विरोधकांसाठी ‘भ्रष्ट’, ‘रोगट’, ‘देशद्रोही’ अशा विशेषणांची शिफारस होती. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृह जिंकले, त्यामुळे ही भाषा फळते असा धडा पुष्कळांनी घेतला. प्रसारणात दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९८७ मध्ये उठले होते. रेडिओ, केबल वाहिन्या आणि पुढे समाजमाध्यमांनी ही प्रवृत्ती वाढवली. तिचे मूळ मात्र पक्षांच्या फेररचनेत होते.

मार्च १९९७ मध्ये दोन्ही पक्षांचे सुमारे दोनशे सदस्य सहकुटुंब पेन्सिल्व्हेनियातील हर्शी येथे सलोख्याच्या शिबिरासाठी जमले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावर महाभियोग झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी, महान्यायवादीपदाचे उमेदवार आणि तेव्हाही सिनेटर असलेल्या जेफ सेशन्स यांच्याविषयी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांचे १९८६ मधील पत्र वाचायला घेतले. सेशन्स यांनी कृष्णवर्णीय मतदारांना घाबरवण्यासाठी पदाचा वापर केला, असे त्यात म्हटले होते. रिपब्लिकन गटनेते मिच मॅकॉनेल यांनी नियम १९ वर बोट ठेवले आणि ४९ विरुद्ध ४३ मतांनी वॉरन यांना त्या चर्चेपुरते गप्प बसवण्यात आले. नंतर त्यांच्या काही पुरुष सहकाऱ्यांनी त्याच पत्रातील मजकूर वाचला, तेव्हा कोणी अडवले नाही. नियमाचा शब्दार्थ मॅकॉनेल यांच्या बाजूने होता, पण नेमणुकीच्या चर्चेत उमेदवाराच्या वर्तनाविषयी बोलायचे नाही तर कशाविषयी बोलायचे, या प्रश्नाचे उत्तर नियमात नाही.

नियम बदलून वागणूक बदलता येते का, याचा सर्वांत गंभीर प्रयोग प्रतिनिधिगृहाने २०१९ मध्ये सुरू केला. काँग्रेसच्या आधुनिकीकरणासाठी नेमलेल्या समितीत दोन्ही पक्षांचे सदस्य समसंख्येने होते आणि कोणतीही शिफारस दोन-तृतीयांश मतांशिवाय पुढे जात नसे, म्हणजे मिश्र पक्षांनी एकेकाळी आपोआप निर्माण केलेली गरज येथे नियमाने निर्माण केली गेली. सुनावणीत सदस्य पक्षवार न बसता एकमेकांमध्ये मिसळून बसत. ६ जानेवारी २०२१ रोजी काँग्रेसच्या कॅपिटॉल या इमारतीवर जमावाने हल्ला केला, त्यानंतर ही समितीही विस्कटण्याच्या बेतात आली, पण सदस्यांनी त्या दिवसाविषयी समोरासमोर बोलून काम चालू ठेवले. २०२२ च्या अखेरीस तिची मुदत संपली आणि उरलेले काम प्रतिनिधिगृहाच्या प्रशासन समितीच्या एका उपसमितीकडे देण्यात आले.