सॉफ्टवेअर घेताना दराआधी मोजणी विचारा

मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरची खरेदी बहुधा दरावर अडते. तीन कोटेशन मागवली जातात, परचेसवाले सगळ्यात कमी दर उचलतात आणि वर आणखी थोडी सूट मागतात. पण पैसा दरापेक्षा मोजणीत जास्त जातो. परवाना कशावर मोजणार? माणशी, यंत्रागणिक की कंपनीच्या पूर्ण पटावर? कोटेशनमधली ही ओळ आधी वाचा, असं खरेदीचा सल्ला देताना आम्ही प्रत्येक ग्राहकाला आग्रहानं सांगतो.

तीन पाळ्यांत चालणारा कारखाना घ्या. लाइनशेजारी एक टॅब लावलेला असतो. पहिल्या पाळीचा ऑपरेटर त्यावर उत्पादनाचे आकडे भरतो, मग दुसऱ्या पाळीचा, मग रात्रपाळीचा. माणशी हिशेब असेल तर या एका टॅबसाठी तीन परवाने लागतात, बदली कामगार आला की चौथा. यंत्रागणिक असेल तर एकच. सेल्सचं मात्र उलट आहे. तिथे एकाच माणसाकडे लॅपटॉप, फोन आणि टॅब असतो, त्यामुळे माणशी परवाना स्वस्त पडतो. सगळ्या कंपनीला सरसकट एकच प्रकार घेणं म्हणूनच महागात जातं.

मोजणीची पद्धत मध्येच बदलूही शकते. ऑरॅकल कंपनीनं जानेवारी २०२३ पासून जावा एसईच्या (अनेक ॲप्लिकेशन्स ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरच्या) नव्या सबस्क्रिप्शनचा हिशेब कंपनीच्या एकूण कर्मचाऱ्यांवर आणला. त्यात अर्धवेळ, हंगामी आणि कंपनीच्या कामकाजाला हातभार लावणारे कंत्राटी लोकही धरले जातात, मग जावा वापरणारे मोजकेच का असेनात. ओपनजेडीके या जावाच्या खुल्या आवृत्तीवर आधारलेलं टेमुरिन फुकट मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर काम भागतं. मात्र बदल करण्याआधी आपली ॲप्लिकेशन्स त्यावर चालवून बघायलाच हवीत.

मोबाइलचं थोडक्यात. रजेचा अर्ज, गेटपास, व्हिजिटर नोंद ही कामं फोनच्या ब्राउझरमध्ये नीट होतात. त्यासाठी अँड्रॉइड आणि आयफोनचं वेगवेगळं ॲप बनवू नका. गुगल प्लेचं डेव्हलपर खातं एकदाच २५ डॉलरला मिळतं, ॲपलचं वर्षाला ९९ डॉलरला. हा खर्च किरकोळच आहे. खरा खर्च दरवर्षी अँड्रॉइड-आयफोनच्या नव्या आवृत्तीसाठी ॲप दुरुस्त करण्याचा असतो आणि तो कोटेशनमध्ये क्वचितच दिसतो. नेटवर्क नसताना काम करायचं असेल किंवा ब्लूटूथ स्कॅनर जोडायचा असेल, तर ॲपवर जरूर खर्च करा.

करारात दोन गोष्टी लिहून घ्याच: नूतनीकरणाच्या वेळी दर जास्तीत जास्त किती वाढेल आणि करार संपल्यावर आपला डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल. सही झाल्यावर या मागण्यांना कुणी दाद देत नाही.

आम्ही कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीकडून कमिशन घेत नाही. आमची फी ग्राहकच देतो आणि ती आधी ठरते. पहिल्या भेटीला चालू परवान्यांची यादी, गेल्या नव्वद दिवसांतली लॉगिनची नोंद आणि पुढच्या नूतनीकरणाची तारीख एवढं घेऊन या. ती तारीख तीन महिन्यांहून जवळ आली असेल, तर यादी पूर्ण होण्याची वाट न बघता आधी फोन करा.